व्हिटॅमिन सीची गोळी आणि ज्येष्ठांचं पोट: काय तपासायचं, काय बदलायचं

इंदूरला औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माझ्यासारखीला एक गोष्ट रोज दिसते. कोविडच्या काळात, २०२०-२१ मध्ये, घरोघरी सुरू झालेली व्हिटॅमिन सीची ५०० मिलिग्रॅमची गोळी कितीतरी आजी-आजोबांची अजून चालूच आहे. कुणी सांगितली, कधीपर्यंत घ्यायची, याचा घरात कुणालाच पत्ता नसतो. त्याच बिलावर अ‍ॅसिडिटीच्या गुलाबी औषधाची बाटली असते, पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलची स्ट्रिप असते, आणि अधूनमधून जुलाब थांबवायची गोळीही असते. एका गोळीनं पोट बिघडवायचं आणि बाकीच्यांनी ते सावरत बसायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं असतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे थांबवायला खर्च लागत नाही, थोडं लक्ष लागतं.

हा लेख साठी ओलांडलेल्यांसाठी आहे आणि त्यांच्या गोळ्यांचा डबा भरून ठेवणाऱ्या मुला-सुनांसाठीही. खाली दिलेल्या क्रमानंच जा. मधली पायरी गाळून थेट 'दुसरी कुठली गोळी देऊ?' इथं उडी मारली की मूळ कारण कळतच नाही.

गरज किती आणि गोळी केवढी

गरज खरी आहे, हे आधी मान्य करू. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या साडेपाच हजारांहून जास्त लोकांच्या रक्तातलं व्हिटॅमिन सी तपासलं होतं. उत्तरेकडे सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेकडे सुमारे ४६ टक्के लोकांत ते कमी निघालं. दात गेलेले, एकट्यानं राहणारे, चहा-टोस्टवर सकाळ आणि खिचडीवर रात्र काढणारे, तंबाखू खाणारे किंवा विडी-सिगारेट ओढणारे, अशांना हे जीवनसत्त्व खरोखरच कमी पडतं. हिरड्यांतून रक्त येणं, साध्या धक्क्यानं अंगावर निळे डाग उठणं, जखम लवकर न भरणं, ही त्याची लक्षणं.

पण ही कमतरता भरून काढायला लागतं किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषांना दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि बायकांना ६५ मिलिग्रॅम. म्हणजे ५०० ची एक गोळी ही सहा-सात दिवसांची गरज एका घोटात देते. शरीर ती साठवून ठेवत नाही. दिवसाला ३० ते १८० मिलिग्रॅम पोटात गेलं तर त्यातलं ७० ते ९० टक्के शोषलं जातं. एक ग्रॅमच्या वर गेलात की निम्म्याहूनही कमी. दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या पुढं रक्तातली पातळी फारशी वाढतच नाही. भरलेल्या माठात आणखी पाणी ओतावं, तसं पुढचं सगळं लघवीवाटे आणि आतड्यावाटे निघून जातं. ज्येष्ठांच्या पोटाला त्रास देतो तो बहुतेक वेळा हा वरचा, उपयोगात न आलेला भाग.

सर्दीबद्दलही इथंच सांगते, कारण 'सर्दी होऊ नये म्हणून' हे कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं. मोठ्या डोसची कल्पना गाजवली ती दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी, १९७० च्या सुमारास. त्यानंतर झालेल्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर निघालं ते असं: सर्वसामान्य माणसानं रोज गोळी घेतली तरी सर्दी व्हायची ती होतेच, झालेली सर्दी मोठ्या माणसांत सुमारे ८ टक्के लवकर आटोपते. सात दिवसांच्या सर्दीत हा जेमतेम अर्धा दिवस. आणि सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेऊन म्हणावा तसा फायदा दिसत नाही. एवढ्यासाठी बारा महिने पोटात जळजळ सोसावी का, हे ज्यानं-त्यानं ठरवावं. माझं मत विचाराल तर नाही.

पहिली पायरी: त्रास नेमका कुठं आणि कधी

'पोट बिघडतं' या दोन शब्दांत तीन वेगळे आजार दडलेले असतात आणि तिघांचे उपाय वेगळे. म्हणून पहिले दोन-तीन दिवस काहीही न बदलता फक्त लक्ष ठेवा. कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलंत तरी चालेल: गोळी किती वाजता, कशासोबत, त्रास किती वाजता, कुठं.

गोळी गिळल्याबरोबर किंवा थोड्याच वेळात छातीच्या मधोमध जळजळ, काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, गिळताना टोचणं: हा त्रास अन्ननलिकेचा आहे. गोळी खाली जठरात पोचायच्या आधीच वाटेत चिकटून बसली आणि तिथंच विरघळली. व्हिटॅमिन सी हे मुळात आम्लच; ते एकाच जागी विरघळलं की तिथलं अस्तर भाजल्यासारखं होतं. वय वाढलं की लाळ कमी सुटते, गिळण्याचा जोर कमी होतो, म्हणून ज्येष्ठांत हे जास्त. एका काकूंचं आणि माझं काउंटरवरचं बोलणं जसंच्या तसं देते, कारण यात सगळं आलं आहे.

"काकू, ही गोळी घेता कधी?"
"अगं, उठल्या उठल्या. थायरॉइडची घ्यायचीच असते ना, तिच्याबरोबरच हीही उरकते."
"पाणी किती पिता?"
"दोन घोट. सकाळी सकाळी पाणी जातच नाही बाई मला."
"आणि मग चहा?"
"चहा कुठला लगेच! पाचला जाग येते, गोळ्या घेते आणि परत जरा पडते."

अनशापोटी, दोन घोट पाण्यासोबत आणि लगेच आडवं होणं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गोळी अडकायला दुसरं काही लागत नाही. काकू तेव्हा डॉक्टरांकडे हृदयाची तपासणी करून घ्यायच्या विचारात होत्या. तपासणी जरूर करावी, छातीतल्या दुखण्याला कधीही गृहीत धरू नये. पण गोळीची वेळही त्याच दिवशी बदलावी.

दुसरा प्रकार: गोळीनंतर अर्ध्या-एक तासानं वरच्या पोटात, बरगड्यांच्या मधल्या खळगीत जळजळ, मळमळ, आंबट ढेकर. हा जठराचा त्रास. खरं तर जठरातलं स्वतःचं आम्ल व्हिटॅमिन सीपेक्षा तीव्र असतं, त्यामुळं निरोगी जठराला एक गोळी जड जाऊ नये. पण वयाबरोबर जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी होतं. त्यात गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक, हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर ते अस्तर आधीच हुळहुळं झालेलं असतं. त्यावर आम्ल पडलं की झोंबतं. इथं मूळ गुन्हेगार बऱ्याचदा दुखण्याची गोळी असते आणि व्हिटॅमिन सी फक्त वर मीठ चोळतं.

तिसरा प्रकार खालचा: काही तासांनी पोटात मुरडा, गुडगुड, वारा, पातळ शौच. न शोषलं गेलेलं व्हिटॅमिन सी आतड्यात पाणी ओढून घेतं, म्हणून हे होतं. हा त्रास डोसच्या प्रमाणात असतो. एक ग्रॅम, दोन ग्रॅम घेणाऱ्यांत जास्त. मात्र इथं आणखी तिघांवर संशय घ्या: मधुमेहाची मेटफॉर्मिन, मॅग्नेशियम असलेलं अ‍ॅसिडिटीचं औषध, आणि 'शुगर फ्री' गोळ्यांत गोडीसाठी घातलेलं सॉर्बिटॉल. तिघंही पातळ शौच करू शकतात.

हे दिसलं तर पुढचं वाचू नका, डॉक्टरांकडे जा

काळं, डांबरासारखं चिकट शौच. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही. गिळताना घास अडकणं. काही न करता वजन उतरणं. नवीनच सुरू झालेला अशक्तपणा, चढ चढताना धाप. ज्येष्ठांत जठरातला अल्सर कधीकधी अजिबात दुखत नाही, थेट रक्तस्रावानंच कळतो, म्हणून 'दुखत तर नाही ना' यावर विसंबू नका. लोहाच्या गोळीनंही शौच काळं होतं हे खरं, पण ते डॉक्टरांनी ठरवू द्या. छातीत जळजळ होऊन घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं असेल तर वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल गाठा.

दुसरी पायरी: दिवसभराची बेरीज

आता डबा उघडा आणि सगळ्या स्ट्रिप, बाटल्या, पावडरी टेबलावर मांडा. मागची बारीक अक्षरं वाचायला भिंग घ्या किंवा मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. व्हिटॅमिन सी कुठं कुठं लपलेलं असतं ते पाहून लोक चकित होतात: मल्टिव्हिटॅमिनमध्ये, झिंकच्या गोळीत, लोहाच्या गोळीत, सांध्यांसाठीच्या कोलॅजन पावडरीत, मुलीनं परदेशातून पाठवलेल्या फसफसणाऱ्या गोळीत. लेबलवर ते 'अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड', 'सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट' किंवा 'कॅल्शियम अ‍ॅस्कॉर्बेट' या नावानं येतं. प्रत्येकाचे मिलिग्रॅम कागदावर लिहा आणि बेरीज करा.

बेरीज २,००० च्या वर गेली असेल तर ती मोठ्या माणसासाठी ठरवलेली वरची मर्यादा ओलांडली गेली आहे. पोटाचं दुखणं हे त्या मर्यादेमागचं एक मुख्य कारण. ५०० ते १,५०० च्या दरम्यान असेल तरी नाजूक पोटाला ते पुष्कळ होतं. जोडीला झिंक असेल तर तेही नोंदवा, कारण अनशापोटी घेतलेल्या झिंकनं मळमळ होते आणि दोष सीच्या माथी जातो.

तिसरी पायरी: आठवडाभर बंद

बेरीज झाली की डॉक्टरांनी खास कारणासाठी लिहून दिलेली नसेल ती व्हिटॅमिन सीची गोळी सात दिवस पूर्ण थांबवा. बाकी औषधं आहेत तशीच चालू ठेवायची. हृदयाची, साखरेची, रक्तदाबाची कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळणारही नाही.

इथं घरातले घाबरतात, 'प्रतिकारशक्ती कमी होईल' म्हणून. आहारातून व्हिटॅमिन सी जवळजवळ पूर्ण तुटलं तरी कमतरतेची लक्षणं दिसायला महिनाभर तरी लागतो. सात दिवसांत काहीही बिघडत नाही, उलट पोट बोलतं. त्रास गेला, तर कारण सापडलं. अर्धा गेला, तर गोळी एक कारण होती, दुसरं शोधायचं. जराही फरक पडला नाही तर गोळी निर्दोष आहे आणि दुखण्याच्या गोळ्यांकडे, मेटफॉर्मिनकडे, किंवा जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूकडे डॉक्टरांसोबत पाहायला हवं.

चौथी पायरी: गोळीआधी ताट

त्रास थांबल्यावर लगेच गोळी परत सुरू करू नका. आधी ८० मिलिग्रॅम ताटातून मिळतात का ते पाहा. आपल्या इंदुरात हे अवघड नाही आणि या भागाबद्दल मला भरभरून सांगायचं आहे.

थंडीत हातगाड्यांवर जो जाम मिळतो, म्हणजे आपला पेरू, त्याच्या शंभर ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅमहून जास्त व्हिटॅमिन सी असतं. मध्यम आकाराचा अर्धा जाम म्हणजे दिवसाची गरज भागली. दात नसतील किंवा कवळीत बिया अडकत असतील तर पिकलेला जाम चमच्यानं दाबून चाळणीतून गाळा, किंचित जिरेपूड घाला आणि जेवणासोबत द्या. दह्यातली पेरूची कोशिंबीर आपल्याकडे होतेच. तीत मिरचीऐवजी कोथिंबीर वाढवा.

पपई हे माझं आवडतं उत्तर. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ६० मिलिग्रॅम, आंबटपणा जवळजवळ नाही, चावायला मऊ आणि मिळतेही बहुतेक वर्षभर. ज्यांना संत्र्या-लिंबानं छातीत जळजळतं त्यांना दुपारच्या जेवणानंतर एक वाटी पपई बहुतेक वेळा सोसते. कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, शेवग्याचा पाला, हेही आंबट नसलेले स्रोत. आंबट म्हणजेच व्हिटॅमिन सी असा समज पक्का झाला आहे, म्हणून जळजळ असलेली माणसं सोसत नसतानाही लिंबाच्याच मागं लागतात.

लिंबाचा हिशोब करून पाहा. एका लिंबाच्या रसात साधारण १५ ते २० मिलिग्रॅम. सकाळी उठून कोमट पाण्यात लिंबू पिळून पिणाऱ्याला एवढंच मिळतं आणि त्यासाठी रिकाम्या जठरावर आम्ल ओतलं जातं. तेच लिंबू पोह्यांवर पिळलं तर अन्नासोबत जातं आणि पोह्यांतलं लोहही जास्त शोषलं जातं. फक्त पोह्यांवरची शेव आणि वरून भुरभुरलेला जीरावन मसाला, थंडीत आपल्या सराफा बाजारात मिळणारं गराडू, म्हणजे तळलेला तिखट कंद, याचीही नोंद तुमच्या कॅलेंडरवर व्हायला हवी. आदल्या रात्री गराडू आणि कचोरी झालेली असेल तर सकाळच्या जळजळीचा दोष गोळीवर टाकणं बरोबर नाही.

आवळ्यात व्हिटॅमिन सी भरपूर, पेरूच्याही पुढं जाणारं. कार्तिकात आवळीभोजनाला आवळ्याखाली जेवणारी आपली घरं, आणि वर्षभर मोरावळ्याची बरणी भरून ठेवणारीही. मोरावळ्यात शिजवल्यामुळं काही भाग कमी होतो आणि साखर भरपूर असते, त्यामुळं मधुमेह असेल तर तो रोजचा उपाय होऊ शकत नाही. ताजा आवळा किसून वरण-भातासोबत चमचाभर घेतला तर पुरतो. मात्र बाटलीतला आवळ्याचा रस पहाटे अनशापोटी पिण्याची जी पद्धत पडली आहे ती जळजळ असलेल्यांनी सोडावी; आम्ल तेच, फक्त नाव नैसर्गिक.

व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं व हवेनं कमी होतं. भाजी धुऊन मग चिरा, चिरून भिजत ठेवू नका, झाकण ठेवून कमी पाण्यात शिजवा, उकडलेलं पाणी आमटीत घाला. सकाळी चिरून ठेवलेलं फळ संध्याकाळी देण्यापेक्षा ऐनवेळी चिरा.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी फळं-भाज्या वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, कारण त्यांना पोटॅशियम मोजून घ्यावं लागतं.

पाचवी पायरी: गोळी लागतेच असेल तर

काहींना ती खरोखर लागते. जेवण फारच कमी झालेले, ऑपरेशननंतरचे, अंथरुणाला खिळून पाठीला जखमा झालेले, लोहाच्या गोळीसोबत डॉक्टरांनी लिहून दिलेले. अशांनी परत सुरू करताना एवढं पाळावं.

डोस लहान करा. १०० मिलिग्रॅमची गोळी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर चघळायची ५०० ची गोळी तोडून पाव किंवा अर्धी घ्या, किंवा अर्धी एक दिवसाआड. मात्र 'सस्टेन्ड रिलीज' किंवा 'टाइम्ड रिलीज' लिहिलेली गोळी तोडायची, कुटायची नाही. ती हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेली असते.

वेळ दुपारच्या जेवणाच्या मध्यावर किंवा जेवण संपताच ठेवा. सकाळचा नाश्ता अनेकांचा दोन टोस्टांचा असतो, तेवढं अस्तर पुरत नाही. रात्री झोपताना तर मुळीच नको. गिळायची गोळी पूर्ण पेलाभर पाण्यासोबत, सरळ बसून घ्या आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवं होऊ नका. दुपारी जेवून लगेच वामकुक्षी घ्यायची सवय असेल तर गोळीची वेळ संध्याकाळच्या खाण्यासोबत ठेवा, झोप मोडायची गरज नाही.

चार-पाच दिवस असं निभावलं तर तोच डोस कायम ठेवा. 'आता सोसतंय' म्हणून वाढवायचा मोह होतो. वाढवून मिळणार काहीच नाही.

सहावी पायरी: गोळीचा प्रकार

साधी गिळायची अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडची गोळी अडकण्याचा धोका सगळ्यात जास्त. ज्यांचा त्रास छातीतला आहे त्यांनी ती बदलावी.

नारंगी चवीच्या चघळायच्या गोळ्यांची लेबलं नीट वाचा. एका खूप खपणाऱ्या गोळीच्या मागं लिहिलेलं असतं: अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड १०० मिलिग्रॅम आणि सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट ४५० मिलिग्रॅम, जे ४०० मिलिग्रॅम अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडच्या बरोबरीचं. म्हणजे या ५०० मधला मोठा हिस्सा आम्ल नसून त्याचं सौम्य क्षाररूप आहे. त्यामुळं काहींना ती बरी सोसते. पण तोंडात घोळवत बसायची सवय दातांना मारक आहे. दात उरले आहेत ते जपायचे असतील तर ती पटकन चावून संपवा, साध्या पाण्यानं चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासानं करा. साखरही पाहा, मधुमेही माणसं या गोळ्या गोळीसारख्या नव्हे तर चॉकलेटसारख्या खातात, हे मी पाहते.

फसफसणारी गोळी पाण्यात विरघळून जाते, त्यामुळं अन्ननलिकेत अडकत नाही. तिचं दुखणं वेगळं: फेस आणण्यासाठी सोडा असतो, आणि काही ब्रँडमध्ये एका गोळीत २०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम जातं. रक्तदाब, हृदयाची कमजोरी, पायांवर सूज असेल तर ही नको. शिवाय त्या बऱ्याचदा १,००० मिलिग्रॅमच्या असतात.

'बफर्ड' म्हणून विकली जाणारी सोडियम किंवा कॅल्शियम अ‍ॅस्कॉर्बेटची गोळी कमी आंबट असते. तिनं पोट नक्की शांत राहतं याला संशोधनाचा भक्कम आधार नाही, पण जठराचा त्रास असलेल्यानं आठवडाभर करून पाहायला हरकत नाही. एक ग्रॅम सोडियम अ‍ॅस्कॉर्बेटमध्ये १११ मिलिग्रॅम सोडियम असतं, कॅल्शियमवाल्यात साधारण ९० ते ११० मिलिग्रॅम कॅल्शियम. आधीच कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ते बेरजेत धरा. 'लायपोसोमल' नावाच्या महागड्या कॅप्सूलसाठी पेन्शनमधले पैसे घालवू नयेत, असं मी स्पष्ट सांगते. जनऔषधी केंद्रातली स्वस्त चघळायची गोळी अर्धी करून घेतली तर काम तेच होतं.

लक्षात ठेवा, पातळ शौचाचा त्रास प्रकार बदलून जात नाही. तिथं डोसच कमी करावा लागतो.

बाकी औषधांशी आणि तपासण्यांशी गाठ

अ‍ॅसिडिटीच्या ज्या औषधात अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, त्यातलं अ‍ॅल्युमिनियम व्हिटॅमिन सीमुळं जास्त शोषलं जातं. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना हे घातक ठरू शकतं. म्हणजे गोळीनं जळजळ झाली म्हणून त्यावर लगेच गुलाबी औषध प्यायचं, ही सवय सुरुवातीला सांगितली ती नुसती निरुपयोगी नाही, काहींना धोक्याची आहे. दोन्हींत निदान दोन-तीन तास ठेवा, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं काहीच डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी स्वतःच अन्ननलिकेला झोंबणारी. ती ज्या सकाळी घ्यायची त्या सकाळी फक्त साधं पाणी. संत्र्याच्या रसानं तिचं शोषण बरंच घटतं. व्हिटॅमिन सी त्या दिवशी दुपारी. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल चालू असेल तर मोठा डोस सुरू करतानाही आणि बंद करतानाही डॉक्टरांना सांगा, रक्ताची तपासणी पुन्हा करावी लागू शकते.

मुतखडा होऊन गेलेल्यांनी गोळीपासून लांबच राहावं. जास्तीचं व्हिटॅमिन सी शरीरात ऑक्झलेटमध्ये बदलतं आणि बरेचसे मुतखडे त्याचेच बनतात. स्वीडनमध्ये २३ हजारांहून जास्त पुरुषांवर ११ वर्षं लक्ष ठेवलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं होतं. माळव्याच्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्या आजोबांना हे विशेष सांगावं लागतं. शरीरात लोह साठण्याचा आजार किंवा जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तरीही स्वतःहून घेऊ नये.

तपासण्यांचंही पाहा. दंडावर साखर मोजायचा सेन्सर लावला असेल तर दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वरचं व्हिटॅमिन सी काही सेन्सरमध्ये साखर खोटी जास्त दाखवू शकतं; त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवलं तर प्रसंग ओढवेल. लघवीच्या पट्टीवर उलटं होतं, साखर किंवा रक्त असूनही दिसत नाही. आणि पोटाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांनी शौचातलं लपलेलं रक्त तपासायला सांगितलं असेल, तर तपासणी जुन्या ग्वायॅक पद्धतीची आहे का ते प्रयोगशाळेत विचारा. तशी असेल तर दिवसाला २५० मिलिग्रॅमहून जास्त व्हिटॅमिन सीमुळं रक्त असूनही रिपोर्ट 'निगेटिव्ह' येऊ शकतो. नमुना देण्याच्या तीन दिवस आधीपासून गोळी, आवळ्याचा रस, संत्री-मोसंबी आणि त्यांचे रस बंद ठेवा आणि तसं प्रयोगशाळेच्या फॉर्मवर लिहूनही द्या.